मृदु स्वरांचा धनी : आंतोनियो कार्लोस जोबिम

थोर पुरुषांच्या मरणानंतर त्यांचीं स्मारकें उभारण्याची चाल सर्व देशांत आहे. कोणी पुतळा बसवितो, कोणी रस्त्याला नांव देतो, कोणी पुण्यतिथीच्या दिवशीं सभा भरवून भाषणें करवितो. हीं स्मारकें निरुपयोगी आहेत असें आम्ही म्हणत नाहीं. परंतु ज्या मनुष्यानें जन्मभर एखाद्या कलेची उपासना केली, त्याचें स्मरण त्याच कलेच्या द्वारें करणें हें सर्वांत कठीण आणि सर्वांत उचित होय. दक्षिण अमेरिकेंतील ब्राझील देशाचे प्रख्यात संगीतकार आंतोनियो कार्लोस जोबिम ह्यांना असें एक स्मारक लाभलें. त्यांच्या मृत्यूनंतर सहासात वर्षांनीं तिघे कलावंत त्यांच्या राहत्या घरीं जमले. त्यांच्याच पियानोच्या साथीनें त्यांनीं त्यांचींच गाणीं गाइलीं व वाजविलीं, आणि २००१ सालीं त्यांची ध्वनिमुद्रिका प्रसिद्ध केली. स्मरणाचा हा प्रकार इतका साधा असूनहि इतका समर्पक कां ठरला, हें समजण्यास आधीं जोबिम ह्यांचें चरित्र पाहिलें पाहिजे. तें आम्ही विद्यार्थी वाचकांपुढें थोडक्यांत ठेवीत आहों.

जोबिम ह्यांचा जन्म २५ जानेवारी १९२७ रोजीं रिओ दि जानेरो शहराच्या तिझुका नांवाच्या भागांत झाला. वडील परराष्ट्रखात्यांत नोकरीस असून लेखकहि होते. मातोश्रींचें नांव निल्झा ब्राझिलेइरो दि आल्मेइदा. मुलाच्या पूर्ण नांवांत आईच्या घराण्याचें 'ब्राझिलेइरो' हें आडनांव आलें. त्याचा अर्थच 'ब्राझीलचा मनुष्य' असा होतो. पुढें ह्याच गृहस्थांवर, आपल्या देशाचें संगीत सोडून परक्यांचें उचलल्याचा आरोप यावयाचा होता. म्हणून नांवाची ही गोष्ट वाचकांनीं ध्यानांत ठेवावी. घरच्या मंडळींत व पुढें सर्व देशांत ते 'टॉम' ह्या लाडक्या नांवानें ओळखले गेले. त्यांची मातृभाषा पोर्तुगीज. ही भाषा आपणांस वाटते तितकी परकी नाहीं. पाव, बटाटा, चावी, पगार, घमेलें हे शब्द मराठीनें तिच्यापासूनच घेतले आहेत. आणि काजू तर फळ व शब्द दोन्ही मिळून ब्राझीलहून गोव्याच्या मार्गानें आपल्याकडे आला आहे.

टॉम लहान असतांनाच कुटुंब इपानेमा ह्या समुद्रकांठच्या भागांत राहावयास गेलें. आज तेथें उंच इमारतींची दाटी आहे. त्या काळीं मात्र एका बाजूस समुद्र, दुसऱ्या बाजूस खाऱ्या पाण्याचें तळें, मध्यें वाळू व विरळ घरें आणि मागें रानानें झांकलेले डोंगर असा देखावा होता. मुलगा पाण्यांत पोहत असे व रानांत पांखरें पाहत हिंडत असे. १९३५ सालीं, टॉम आठ वर्षांचा असतांना, वडील वारले. पुढें आईनें पुनर्विवाह केला. सावत्र बापाविषयीं पुष्कळ कटु कथा आपण वाचतों. येथें मात्र उलट घडलें. सेल्सो फ्रोता पेसोआ ह्या सज्जनांनीं मुलाचा संगीताकडील ओढा ओळखला व त्याला सर्व प्रकारें उत्तेजन दिलें. आईनें एक शाळा काढली होती. तेथें एक पियानो आणण्यांत आला आणि हा मुलगा त्याच्यापाशीं बसूं लागला. एकदां बसला तो जन्मभर उठला नाहीं, असें म्हटलें तरी चालेल.

त्याचे पहिले शिक्षक हान्स योआखिम कॉलरॉयटर हे जर्मन संगीतज्ञ होते. हिटलरच्या राजवटींतील जर्मनी सोडून ते १९३७ सालीं ब्राझीलमध्यें आले होते आणि युरोपांतील अगदीं नव्या संगीतविचारांची ओळख त्यांनीं त्या देशाला करून दिली. ह्याच कॉलरॉयटरांनीं पुढें १९६० नंतरच्या दशकांत कांहीं वर्षें आपल्या दिल्लींत वास्तव्य करून तेथें पाश्चात्य संगीताची एक शाळा स्थापन केली, ही गोष्ट आपल्या वाचकांस कौतुकाची वाटेल. त्यांच्यानंतर ल्यूसिया ब्रांको ह्या बाईंनीं टॉमला शिकविलें. शोपँ, देब्युसी व रावेल ह्या युरोपीय संगीतकारांच्या कृति आणि स्वदेशीय एइतोर व्हिला-लोबोस ह्यांचें संगीत, हें त्याचें खरें विद्यापीठ झालें. त्यांतहि देब्युसी ह्या फ्रेंच संगीतकाराचें नांव वाचकांनीं लक्षांत ठेवावें. ह्या चरित्राच्या शेवटीं तें पुन्हां यावयाचें आहे.

संगीतावर पोट भरेल असा भरंवसा त्या वेळीं कोणालाच नव्हता. म्हणून जोबिम ह्यांनीं स्थापत्यशास्त्राच्या महाविद्यालयांत नांव घातलें. पण पहिल्या वर्षांतच तो अभ्यास सुटला. १९४९ सालीं त्यांचा विवाह तेरेझा एर्मानी ह्यांच्याशीं झाला, पुढच्याच वर्षीं पावलो हा मुलगा झाला, आणि प्रपंचाचा भार खांद्यावर आला. रिओंतील उपाहारगृहांतून व मद्यगृहांतून ते रात्रभर पियानो वाजवीत. धुरानें भरलेल्या त्या खोल्यांत ऐकणारा क्वचितच कोणी असे. महिनाअखेर घरभाडें कसें भरावें ही विवंचना त्यांच्या मागें सतत असे. पुढें जगभर कीर्ति पसरल्यावरहि त्या भाड्याच्या दिवसांची आठवण ते मोकळेपणानें सांगत असत.

१९५२ च्या सुमारास त्यांना एका ध्वनिमुद्रिका कंपनींत दिवसाची नोकरी मिळाली. काम मोठें विलक्षण होतें. अनेक लोकप्रिय गीतकारांना चाल सुचे, पण ती लिहितां येत नसे. ते येऊन गुणगुणत किंवा टेबलावर ठेका धरीत, आणि जोबिम ती चाल स्वरलिपींत उतरवून घेत. रादामेस न्याताली ह्या थोर वाद्यवृंदरचनाकारांचें मार्गदर्शन त्यांना येथेंच लाभलें. दुसऱ्याच्या मनांतील स्वर नेमका ओळखून, त्यांत आपलें कांहीं न घुसडतां तो कागदावर उतरविणें ही मोठीच शिस्त आहे. आमच्या मतें जोबिम ह्यांच्या पुढील साऱ्या यशाचें बीज ह्या कारकुनी वाटणाऱ्या कामांत आहे. ऐकावयास शिकल्यावांचून कोणासहि चांगलें गातां येत नाहीं, आणि दुसऱ्यांबरोबर काम करणें तर मुळींच साधत नाहीं.

१९५६ सालीं त्यांची गांठ व्हिनिसिउस दि मोराएस ह्यांच्याशीं पडली. हे वयानें तेरा वर्षांनीं वडील, सरकारच्या परराष्ट्रखात्यांतील अधिकारी आणि नामांकित कवि. ग्रीक पुराणांतील गायक ऑर्फियस ह्याची कथा रिओच्या डोंगरावरील गरीब वस्तींत घडते अशी कल्पना करून त्यांनीं एक नाटक लिहिलें होतें व त्यासाठीं संगीतकार हवा होता. एका मित्रानें जोबिम ह्यांचें नांव सुचविलें. एवढ्या मोठ्या कवीनें विचारलें असतां, ह्या कामाचे कांहीं पैसे मिळतील काय, असा प्रश्न भाड्याच्या चिंतेनें गांजलेल्या ह्या तरुणानें केला. त्याबद्दल त्या मित्राने त्याला तेथेंच दटावल्याची हकीकत प्रसिद्ध आहे. सप्टेंबर १९५६ मध्यें रिओच्या म्युनिसिपल नाट्यगृहांत कृष्णवर्णी नटसंचानें तें नाटक रंगभूमीवर आणलें. नेपथ्य ओस्कार निमायर ह्या सुविख्यात स्थापत्यविशारदांचें होतें. त्याच कथेवरून मार्सेल काम्यू ह्या फ्रेंच दिग्दर्शकानें काढलेल्या चित्रपटास १९५९ सालीं कान येथील महोत्सवाचें सर्वोच्च पारितोषिक मिळालें. कवि आणि संगीतकार ह्यांची ही जोडी पुढें अनेक वर्षें टिकली.

तिसरा सहकारी लवकरच आला. बाहिया प्रांतांतील जोआंव जिल्बेर्तो हा तरुण अत्यंत हलक्या आवाजांत गाई आणि गिटारवर एक निराळाच ठेका धरी. 'सांबा' हें ब्राझीलचें लोकसंगीत. आफ्रिकेंतून गुलाम म्हणून आणलेल्या लोकांच्या वंशजांनीं तें वाढविलें व त्यांत अनेक चर्मवाद्यांचा गजर असे. त्या सगळ्या गजराचें सार जिल्बेर्तोनीं एका गिटारच्या सहा तारांवर आणलें. आंगठा ढोलाचा ठेका सांभाळी आणि बाकीचीं बोटें लहान वाद्यांची खटपट करीत; वर आवाज असा कीं, शेजारीं बसलेल्या मित्राशीं कोणी बोलत आहे. १९५८ सालीं जोबिम व व्हिनिसिउस ह्यांचें 'शेगा दि सौदादि' हें गीत जिल्बेर्तोनीं ध्वनिमुद्रित केलें. वाद्यवृंदाची रचना जोबिम ह्यांची होती. ह्या तबकडीपासून 'बोसा नोव्हा' म्हणजे 'नवी धाटणी' ह्या संगीतप्रकाराचा आरंभ मानतात. तोंपर्यंत गायकाचा आवाज जितका मोठा तितका तो श्रेष्ठ, अशी समजूत होती. ह्या तिघांनीं ती उलटी करून दाखविली.

जोबिम ह्यांच्या रचनेचें मर्म काय, हें एका उदाहरणानें सांगतां येईल. आपल्या गायनांत तंबोऱ्याचा षड्ज स्थिर असतो आणि गवयाचा आवाज त्यावर फिरतो. पाश्चात्य संगीतांत गाण्याच्या एका स्वराबरोबर खालून आणखी तीनचार स्वर एकत्र वाजतात व ते क्षणोक्षणीं बदलतात. जोबिम व त्यांचे बालमित्र न्यूटन मेंदोन्सा ह्यांनीं मिळून 'एका स्वराचा सांबा' ह्या अर्थाच्या नांवाचें एक गीत रचलें. त्यांत गाणारा बराच वेळ एकच स्वर धरून राहतो. खालचे स्वरसमूह मात्र पायरी पायरीनें उतरत जातात. जणूं तंबोरा फिरत आहे आणि गवई स्थिर उभा आहे! आणि आश्चर्य असें कीं, तोच स्वर प्रत्येक पायरीस नव्या रंगाचा भासतो. 'देसाफिनादो' म्हणजे 'बेसूर' ह्या नांवाचें दुसरें गीतहि ह्याच दोघांचें. त्याची चाल अशा अनपेक्षित स्वरांवर जाऊन थांबते कीं, अननुभवी कानाला गाणारा चुकला असें वाटावें. मेंदोन्सा १९६० सालीं ऐन तारुण्यांत वारले. आपल्या गीतांना जगांत केवढा मान मिळाला, हें पाहण्याचें त्यांच्या नशिबीं नव्हतें.

फेब्रुवारी १९६२ मध्यें अमेरिकेची राजधानी वॉशिंग्टन येथील एका चर्चच्या सभागृहांत स्टॅन गेट्झ व चार्ली बर्ड ह्या दोन अमेरिकन वादकांनीं 'देसाफिनादो' व आणखी कांहीं ब्राझिलियन चाली मुद्रित केल्या. ती तबकडी अतोनात खपली. त्याच वर्षीं २१ नोव्हेंबर रोजीं न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलमध्यें ब्राझीलच्या कलावंतांचा जलसा झाला आणि जोबिम प्रथमच परदेशच्या रंगमंचावर उभे राहिले. मार्च १९६३ मध्यें गेट्झ, जोआंव जिल्बेर्तो व जोबिम ह्यांनीं न्यूयॉर्कमध्यें एकत्र मुद्रण केलें. समुद्राकडे चाललेली एक तरुणी पाहून दोघां मध्यम वयाच्या मित्रांच्या मनांत जो गोड विषाद उत्पन्न झाला, त्यावर रचलेलें 'इपानेमाची कन्या' हें गीत ह्याच वेळीं आस्त्रूद जिल्बेर्तो ह्यांनीं इंग्रजींत गाइलें. १९६४ सालीं तें बाहेर पडलें आणि पृथ्वीच्या पाठीवर क्वचितच एखादें शहर असें उरलें असेल, जेथें तें ऐकूं आलें नाहीं.

१९६७ सालीं अमेरिकेचे लोकप्रिय गायक फ्रँक सिनात्रा ह्यांनीं जोबिम ह्यांच्याबरोबर एक संपूर्ण ध्वनिमुद्रिका काढली. आवाजाच्या सामर्थ्याबद्दल प्रसिद्ध असलेले सिनात्रा तींत इतके हळुवार गाइले आहेत कीं, जाणते श्रोतेहि थक्क झाले. परंतु कीर्तीचें एक दुःखहि असतें. शेंकडों गीतें रचणाऱ्या ह्या मनुष्यास जग एकाच गीतावरून ओळखूं लागलें. तीच चाल उपाहारगृहांत, विमानतळावर, उद्वाहकांत, ऐकणाराचें लक्षहि नसतांना वाजूं लागली. मूळ पोर्तुगीज गीतांतील भाव इंग्रजी भाषांतरांत उरत नाहीं, ही खंतहि जोबिम ह्यांना फार होती. म्हणून पुढें कांहीं गीतांचे इंग्रजी शब्द त्यांनीं स्वतःच लिहिले.

ह्याहून तीव्र दुःख स्वदेशीं वाट पाहत होतें. १९६४ सालीं ब्राझीलमध्यें लष्करानें सत्ता बळकाविली. विद्यार्थी व लेखक ह्यांची धरपकड सुरू झाली. अशा वेळीं जोबिम ह्यांचें मृदु संगीत म्हणजे सुखवस्तु लोकांची करमणूक, तीहि अमेरिकन थाटाची, असें कित्येक तरुण म्हणूं लागले. १९६८ च्या सप्टेंबरांत रिओ येथील आंतरराष्ट्रीय गीतमहोत्सवांत जोबिम व चिको बुआर्की ह्यांचें 'साबिआ' हें गीत पहिलें आलें. साबिआ हा आपल्या कस्तुर पक्ष्याच्या जातीचा गाणारा पक्षी. आणि गीत आहे तें घरापासून दुरावलेल्या, परत जाण्याची आस धरलेल्या मनुष्याचें. श्रोत्यांना मात्र जेराल्दो व्हांद्रे ह्यांचें, लष्करी राजवटीस उघड आव्हान देणारें गीत पहिलें यावयास हवें होतें. निकाल ऐकतांच हजारों लोकांनीं असा गिल्ला केला कीं, विजयी गीताचे स्वर कोणास ऐकूंच आले नाहींत. जोबिम तो धिक्कार सोशीत रंगमंचावर उभे राहिले.

ह्या प्रसंगीं श्रोत्यांचें सर्वस्वी चुकलें असें आम्हांस म्हणवत नाहीं. जुलमाच्या दिवसांत तरुणांस उघड शब्द हवा असतो, आणि त्यांचा संताप समजण्याजोगा होता. पण पुढें काय घडलें तें पाहा. त्याच वर्षाच्या डिसेंबरांत सरकारनें उरलेसुरले नागरिक हक्कहि काढून घेतले. पुढील वर्षीं व्हिनिसिउस ह्यांना सरकारी नोकरींतून काढून टाकलें. स्वतः चिको बुआर्की ह्यांस इटलींत जाऊन राहावें लागलें, आणि त्यांच्यासारखे कित्येक जण देशाबाहेर गेले. तेव्हां ज्या गीताची हुर्यो उडविली होती, तेंच त्या परागंदा लोकांच्या मनाची व्यथा बोलत होतें असें दिसून आलें. काळाच्या आधीं आलेलें तें गीत होतें. हळू आवाजांत सांगितलेली गोष्ट खोटी किंवा भ्याड असतेच असें नाहीं. कधीं कधीं ती ऐकूं येण्यास गोंगाट ओसरावा लागतो, इतकेंच.

जोबिम ह्यांनीं टीकेस भाषणांनीं उत्तर दिलें नाहीं. रिओपासून दूर, डोंगराळ भागांतील पोसो फुंदो येथें त्यांच्या कुटुंबाची जागा होती, तेथें ते वारंवार जात. १९७२ सालीं तेथेंच त्यांना 'मार्चचें पाणी' ह्या अर्थाच्या नांवाचें गीत सुचलें. विषुववृत्ताच्या दक्षिणेस ऋतु उलटे. तेथें मार्चांत उन्हाळा संपतो तो मुसळधार पावसानें. काटकी, दगड, चिखल, पक्षी, बांधकामाचें सामान अशा क्षुद्र वस्तूंची नुसती यादी ह्या गीतांत ओळीमागून ओळ येते, आणि तेवढ्यांतून आयुष्याचा शेवट व नव्याची आशा दोन्ही प्रतीत होतात. १९७४ सालीं एलिस रेजिना ह्या श्रेष्ठ गायिकेबरोबर त्यांनीं तें लॉस एंजेलिस येथें मुद्रित केलें. पुढें २००१ सालीं साओ पावलोच्या एका प्रमुख दैनिकानें जाणत्या मंडळींचीं मतें मागविलीं, तेव्हां ब्राझीलचें सर्वोत्कृष्ट गीत म्हणून ह्याचीच निवड झाली. पक्ष्यांचीं नांवें व सवयी जोबिम ह्यांना पाठ होत्या. समुद्रकांठचीं जुनीं रानें तोडलीं जात असल्याचें पाहून ते कासावीस होत; त्यांच्या उत्तरवयांतील पुष्कळ संगीत त्या रानांविषयींच आहे. परदेशाचें अनुकरण करणारा म्हणून ज्यांची हेटाळणी झाली, त्यांनीं आपल्या मातीचें असें गान केलें.

१९८४ पासून त्यांनीं एक नवा वाद्यवृंद जमविला. त्यांत पुत्र पावलो, कन्या एलिझाबेथ, द्वितीय पत्नी आना आणि तरुण मित्रमंडळी होती. चेलो हें व्हायोलिनच्या कुळांतील, बसून वाजवावयाचें, गंभीर आवाजाचें वाद्य. तें झाक मोरेलेंबाउम वाजवीत. पाउला मोरेलेंबाउम ह्या गायिकांपैकीं एक होत्या. ही मंडळी सुमारें दहा वर्षें एकत्र राहिली. त्यांनीं अमेरिका, युरोप व जपान येथें जलसे केले. १९९२ च्या कार्निव्हल उत्सवांत मांगेइरा ह्या रिओच्या जुन्या सांबामंडळानें जोबिम ह्यांचें जीवन हाच आपल्या मिरवणुकीचा विषय केला. ज्या लोकांच्या ठेक्यापासून त्यांचें संगीत निघालें होतें, त्यांनींच केलेला हा सत्कार होता. दोन वर्षांनीं त्यांना कर्करोगानें ग्रासलें. उपचारासाठीं ते न्यूयॉर्कला गेले आणि तेथेंच ८ डिसेंबर १९९४ रोजीं हृदयक्रिया बंद पडून निवर्तले. वय सदुसष्ट होतें. पार्थिव देह रिओला आणून तेथें दफन करण्यांत आला. त्या वर्षींच्या त्यांच्या शेवटच्या ध्वनिमुद्रिकेचें नांव होतें 'आंतोनियो ब्राझिलेइरो' – आईकडून मिळालेलें नांव.

पुढें रिओच्या आंतरराष्ट्रीय विमानतळास त्यांचें नांव देण्यांत आलें, इपानेमाच्या समुद्रकांठीं त्यांचा पुतळा उभा राहिला. परंतु आरंभीं सांगितलेलें स्मारक ह्यांहून निराळें. त्यांतील दोघे म्हणजे वर उल्लेखिलेलें मोरेलेंबाउम दांपत्य. तिसरे रियुइची साकामोतो हे जपानचे संगीतकार. ब्राझील आणि जपान ह्यांचा संबंध वाचकांस कदाचित् अपरिचित असेल. १९०८ पासून हजारों जपानी शेतकरी मजूर ब्राझीलमध्यें जाऊन स्थायिक झाले आणि जपानबाहेर जपानी वंशाची सर्वांत मोठी वस्ती आज त्याच देशांत आहे. बोसा नोव्हाचे चाहतेहि जपानांत फार. साकामोतो १९५२ सालीं तोकियोंत जन्मले. 'शेवटचा सम्राट' ह्या चीनविषयक चित्रपटाच्या संगीताबद्दल त्यांना दोन सहकाऱ्यांसमवेत अमेरिकेचें ऑस्कर पारितोषिक मिळालें होतें. पण त्यांना जोबिमपर्यंत आणणारा दुवा दुसराच होता. लहानपणापासून ते देब्युसीच्या संगीतानें भारावलेले होते. पॅरिसचा एक संगीतकार, रिओंतील एक मुलगा आणि तोकियोंतील दुसरा मुलगा, असा हा ऋणानुबंध आहे. विद्येला आगबोटीचें तिकीट लागत नाहीं असें म्हणतात तें खोटें नव्हे.

हे तिघे रिओंतील जोबिम ह्यांच्या घरीं गेले. बहुतेक मुद्रण तेथेंच झालें. साकामोतो बसले ते जोबिम ह्यांच्या स्वतःच्या पियानोपाशीं. ध्वनिमुद्रिकेस नांव दिलें 'काझा', म्हणजे 'घर'. हा शब्द गोमंतकांतील जुन्या घरांच्या पाट्यांवर पाहिलेला कित्येकांस आठवेल. तींत 'साबिआ' आहे – एकदां हजारोंच्या ओरडण्यांत बुडालेलें तेंच गीत, आतां निवांत घरांत, पियानो, चेलो आणि एक आवाज एवढ्यावर गाइलेलें. जोबिम ह्यांनीं अगदीं तारुण्यांत रचलेली एक जुनी चालहि आहे. पण 'इपानेमाची कन्या' मात्र नाहीं. जें गीत घातल्यानें खप वाढण्याचा संभव अधिक, तेंच त्यांनीं वगळलें. आणि जीं गीतें त्या एकाच्या छायेंत झांकून गेलीं होतीं, त्यांना उजेडांत आणलें. वाजविण्याची रीतिहि तशीच. साकामोतो कोठेंहि आपलें कौशल्य पुढें करीत नाहींत. एक स्वर देतात आणि तो विरेपर्यंत थांबतात. पाउला आवाज चढवीत नाहींत. दहा वर्षें ज्यांच्या शेजारीं बसून चेलो वाजविला, त्यांच्या रिकाम्या जागेकडे पाहून झाक वाजवीत असावेत असें ऐकतांना वाटतें. १९५२ सालीं दुसऱ्यांच्या चाली निष्ठेनें उतरवून घेणारा जो कारकून होता, त्याची चाल आतां दुसऱ्यांनीं तितक्याच निष्ठेनें उतरविली.

साकामोतोहि २८ मार्च २०२३ रोजीं कर्करोगानेंच वारले. त्या घरांत केलेलें त्यांचें वादन मात्र राहिलें आहे आणि कोणालाहि ऐकतां येतें.

विद्यार्थी मित्रहो, जोबिम ह्यांचें चरित्र सांगण्यांत आमचा उद्देश तुम्हीं सर्वांनीं पियानो वाजवावा असा नाहीं. ह्या मनुष्याचें कोणतेंहि मोठें काम एकट्याचें नव्हतें, एवढें पाहून ठेवा: सावत्र पिता, परदेशीय गुरु, वडीलधारा कवि, अकालीं गेलेला मित्र, हलक्या आवाजाचा गायक आणि शेवटीं स्वतःचीं मुलें ह्या सर्वांचा वांटा त्यांत आहे, आणि तो त्यांनीं कधीं नाकारला नाहीं. दुसरें असें कीं, भर सभेंत धिक्कार झाला तरी त्यांनीं आपला स्वर सोडला नाहीं व तो मोठाहि केला नाहीं. काम करीत राहिले. आपल्या आवडत्या गुरुजनांचें स्मरण करण्याची पाळी तुमच्यावरहि एके दिवशीं येईल. त्या दिवशीं हार घाला, भाषणें करा. पण त्यांनीं शिकविलेलें एखादें काम, शक्य तर फारसें कोणास ठाऊक नसलेलें, स्वतः नीट करून दाखवा. तसें केल्यास त्यांच्या ऋणाचा कांहीं अंश तरी फिटेल, असें आम्हांस वाटतें.